तलफ आली की फोन कुणी उचलायचा?

मावशीने एका सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात समुपदेशक म्हणून उमेदीची वर्षं घालवली आहेत. भाचा पुण्यात आरोग्यविषयक मोबाइल अ‍ॅप तयार करतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांची तंबाखू सोडवायला स्मार्टफोनचा उपयोग करावा का, यावर दोघांची चांगलीच जुंपली. फोनची बाजू घेतली मावशीने आणि शंका काढल्या भाच्याने.

मावशी : एवढी अ‍ॅप बनवतोस, तर आमच्या पेशंटची बिडी सोडवणारं एखादं बनव की.

भाचा : बनवायला काय, होईल. पण आधी मला सांग, पेशंट गोळ्या वेळेवर घेतो की नाही हे बघतानाच तुमच्या नाकी नऊ येतात. त्यात हे बिडीचं कुठे घेऊन बसलीस? ज्याला एचआयव्ही आहे त्याच्या काळज्यांच्या यादीत बिडी अगदी तळाला असणार.

मावशी : वीस वर्षांपूर्वी तसंच होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा समोरचा माणूस पुढची दिवाळी बघेल का, हाच प्रश्न असायचा. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला असतो, माणूस कामावर जातो, मुलांची लग्नं लावतो. त्याला आता म्हातारं व्हायला वेळ मिळाला आहे, आणि तंबाखूला तिचं काम करायलाही. डेन्मार्कमध्ये २९२१ एचआयव्हीबाधितांची नोंद ठेवून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्हीमुळे आयुष्यातली सरासरी ५.१ वर्षं कमी होत होती आणि धूम्रपानामुळे १२.३. पस्तिशीतला बाधित माणूस सिगारेट ओढत नसेल तर अठ्ठ्याहत्तरीपर्यंत जगेल असा अंदाज निघाला, ओढत असेल तर बासष्ट-त्रेसष्टपर्यंत.

भाचा : ते डेन्मार्क आहे. तिथे उपचार सगळ्यांना मिळतात, लोक वेळेवर येतात.

मावशी : तेच तर! उपचार नीट मिळाले की मागे काय उरतं, ते तिथे स्वच्छ दिसतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गणित मांडलं. नियमित औषध घेणारा, पण धूम्रपान करत राहिलेला बाधित माणूस एड्सशी संबंधित कारणापेक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याची शक्यता सहा ते तेरा पट निघाली. आणि आपल्याकडे मध्ये टीबी बसलेला आहे. एचआयव्हीने टीबीचा धोका वाढतो, धुराने आणखी वाढतो. त्या विषाणूवर आपण इतका पैसा, इतके कष्ट खर्च केले. तो माणूस बिडीने जाऊ द्यायचा का?

भाचा : बरं, बिडी सोडवायला हवी हे मानलं. पण त्यासाठी फोन कशाला? तू आहेस ना तिथे?

मावशी : माझ्यासमोर पेशंट किती वेळ बसतो? बाहेर रांग असते. ज्याची तब्येत स्थिर आहे त्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, आणि ते बरोबरच आहे, त्याचा खाडा वाचतो. म्हणजे तो माझ्या नजरेसमोर येणार वर्षातून चार-सहा वेळा. मी म्हणणार, "दादा, बिडी सोडा." तो म्हणणार, "सोडतो ताई." तलफ काही ओपीडीच्या वेळेत येत नाही. ती येते रात्री जेवण झाल्यावर, टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला की, घरात भांडण झालं की. जोर असतो चार-पाच मिनिटांचा. तेवढी मिनिटं कुणी त्याला धरून ठेवलं तर ती निघून जाते. त्या वेळी त्याच्याजवळ मी नसते, बायको असेलच असं नाही, पण खिशात फोन असतो.

भाचा : हे ऐकायला छान वाटतं. माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आरोग्याचं अ‍ॅप लोक उत्साहाने उतरवून घेतात, आठवडाभर उघडतात, मग विसरतात. नोटिफिकेशन आलं की अंगठ्याने बाजूला सारतात. बिडी सोडायची इच्छा पातळ झाली की सगळ्यात आधी अ‍ॅप बंद होतं. ज्याला मदतीची गरज सगळ्यात जास्त, तोच सगळ्यात आधी गळतो.

मावशी : मग ह्यूस्टनचं काय? तिथल्या थॉमस स्ट्रीट क्लिनिकमध्ये गरीब वस्त्यांतले एचआयव्हीचे पेशंट यायचे. अनेकांकडे स्वतःचा फोनसुद्धा नव्हता. डेमन व्हिड्राइन, एलन ग्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना प्रीपेड मोबाइल दिले आणि त्यावर समुपदेशकाने ठरवून आठ वेळा फोन केले. २००६ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात १०.३ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते, फोनच्या गटात ३६.८ टक्के. आणि ही नुसती तोंडी कबुली नव्हती, शरीरातल्या खुणा तपासून खात्री केली होती.

भाचा : अभ्यास ९५ जणांचा होता, हे सांगायचं राहिलं. आणि पुढचंही सांग. त्याच लोकांनी नंतर ४७४ जणांवर मोठी चाचणी केली. फोन चालू होते त्या पहिल्या तीन महिन्यांत फरक दिसला. वर्षाअखेरीस तो विरत गेला.

मावशी : फोन कधी थांबवले?

भाचा : तीन महिन्यांनी.

मावशी : मग? पेशंटने गोळी बंद केली आणि व्हायरल लोड वाढला, तर तू गोळीला नावं ठेवतोस का? तंबाखूची सवय वीस-वीस वर्षांची. तीन महिन्यांचा आधार दिला आणि काढून घेतला. जोवर दिला तोवर उपयोग झाला, असा त्या निकालाचा अर्थ मी घेते.

भाचा : घे. पण मग तू स्वतःच माझा मुद्दा मांडलास. ह्यूस्टनमध्ये काम केलं ते फोन करणाऱ्या माणसाने. त्याला तू स्मार्टफोनचं यश म्हणू नकोस. अ‍ॅपचं यश बघायचं तर न्यूयॉर्कला ये. ब्राँक्समधले डॉक्टर जोनाथन शूटर यांनी एचआयव्हीबाधितांसाठी 'पॉझिटिव्हली स्मोक फ्री' नावाचा कार्यक्रम तयार केला. आधी तो गटात समोरासमोर बसून व्हायचा, मग वेबसाइटवर आला, मग मोबाइलवर. वेबसाइटची चाचणी १३८ जणांवर झाली. तीन महिन्यांनी सुमारे दहा टक्क्यांनी धूम्रपान सोडलेलं होतं, तुलनेच्या गटात सुमारे चार टक्क्यांनी. एवढ्या लहान गटात हा फरक योगायोगानेही पडू शकतो. कार्यक्रम माणसाकडून पडद्याकडे सरकला तशी पोच वाढली असेल, पण जोर वाढला असं म्हणता येत नाही.

मावशी : पण पोच वाढते याला काहीच किंमत नाही? ब्रिटनमध्ये ५८०० धूम्रपान करणाऱ्यांना घेऊन चाचणी झाली होती, २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. साधे मोबाइल संदेश, तेही यंत्राने पाठवलेले. तलफ आली की 'क्रेव्ह' एवढंच लिहून पाठवायचं, लगेच उत्तर यायचं. सहा महिन्यांनी संदेशाच्या गटात १०.७ टक्के लोक सोडलेले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. म्हणजे हजारामागे अठ्ठावन्न माणसं जास्त. मी रोज घसा कोरडा करून हजार माणसांपर्यंत कधी पोचणार?

भाचा : ती सर्वसाधारण धूम्रपान करणारी माणसं होती, मावशी. तुझ्या पेशंटवर जे ओझं आहे ते त्यांच्यावर नव्हतं. लपवाछपवी, एकटेपण, नैराश्य, काहींना दारूची सोबत. "आता आणखी काय वाईट होणार?" असं म्हणणारा माणूस यंत्राने पाठवलेल्या ओळीने थांबेल?

मावशी : "आता आणखी काय वाईट होणार?" हे वाक्य तुला कुठून माहीत? अगदी हेच ऐकायची मी. आणि म्हणून तर एचआयव्हीच्या पेशंटसाठी वेगळी मांडणी लागते. बाकीच्यांना सांगता येतं की तंबाखूने कर्करोग होतो. आमच्या माणसाला आधी पटवावं लागतं की त्याला सांभाळण्यासारखं आयुष्य आहे. ब्राँक्सच्या कार्यक्रमाचं मोल मला तिथे वाटतं. तो एचआयव्हीबाधितांसाठी म्हणूनच बेतलेला आहे.

भाचा : आणि तिथेच माझी सगळ्यात मोठी भीती आहे. फोनवर असं अ‍ॅप असणं म्हणजेच त्या माणसाला एचआयव्ही आहे हे उघड होणं. २०१८ मध्ये बाहेर आलं की ग्राइंडर हे डेटिंग अ‍ॅप वापरणाऱ्यांनी भरलेली एचआयव्हीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांकडे जात होती. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये सरकारी नोंदणीतल्या १४,२०० बाधितांची माहिती फुटली. खासगी कंपनी असो की सरकार, गळती कुठेही होते. आणि आपल्याकडे तर कुणी संगणक फोडायचीही गरज नाही. चाळीत, वस्तीत फोन सगळ्या घराचा असतो. मुलगा गेम खेळतो, सून व्हिडिओ बघते. पडद्यावर एक ओळ चमकली की झालं.

मावशी : ही भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पेशंट गोळ्यांच्या डबीवरचं लेबल खरवडून काढतात, गावातलं केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यात नाव घालतात. पण आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय माणसाची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोंदी ठेवणाऱ्या संस्थेवर त्या जपायची जबाबदारी आहे.

भाचा : कायदा गुन्हा झाल्यावर कामाला येतो. गावात बोभाटा झाल्यावर तो मागे घेता येत नाही. माझं साधं म्हणणं आहे, एचआयव्ही हा शब्द फोनमध्ये येताच कामा नये. संदेशात नको, अ‍ॅपच्या नावात नको, भरायच्या फॉर्ममध्ये नको. तंबाखू सोडायचा संदेश लाखो लोकांना येतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरकारची सोय आहेच. २०१६ पासून ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की संदेश येतात. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, तिचा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. तिथे फोन करणारा कोणत्या आजाराचा आहे हे कुणी बघत नाही.

मावशी : हे मला पटलं. एचआयव्हीचं बोलणं केंद्रात, दाराआड. तंबाखूचं बोलणं फोनवर, उघड. पण मग "सांभाळण्यासारखं आयुष्य आहे" हे कोण सांगणार?

भाचा : तू. समोर बसून. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

मावशी : आणि मी पहिल्यापासून म्हणतेय की मी तीन महिन्यांतून एकदा भेटते. बरं, आता मी तुला अडचणीत टाकते. तू ज्या अभ्यासांची नावं घेतलीस ते सगळे सिगारेटचे. आपल्याकडे बघ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मळून चुना लावलेली, मावा, खर्रा, बायकांची मशेरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. ह्यूस्टनचं आणि ब्राँक्सचं शहाणपण इथे किती चालेल?

भाचा : हे माझ्याच बाजूचं झालं की! तिकडची नवी साधनं बघ. फोनला जोडायचं छोटं यंत्र मिळतं, त्यात फुंकर मारली की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो. म्हणजे माणूस ओढतोय की नाही ते घरबसल्या कळतं. पण मावा खाणाऱ्याच्या श्वासात धूर कुठला? यंत्र त्याला पास करून टाकणार. लाळेत किंवा लघवीत निकोटिनची खूण असलेलं कोटिनिन तपासता येतं, पण तो माणूस सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम चघळत असेल तर तेही तिथे दिसणारच. मशेरी लावणारी आजी स्मार्टफोन वापरत नाही आणि तिला स्वतःला ती तंबाखू वाटतही नाही, ती दात घासते.

मावशी : म्हणून तर तिला विचारायचं असतं, "सकाळी दाताला काय लावता?" "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर ती खुशाल नाही म्हणते. हा प्रश्न कुठल्याही अ‍ॅपला सुचणार नाही, तो माणसालाच विचारावा लागतो, हे कबूल. पण उत्तर मिळाल्यावर पुढचे तीन महिने काय? आजीच्या साध्या फोनवर आवाज तर पोचतो? वाचता न येणाऱ्यालाही फोन उचलता येतो.

भाचा : आवाज म्हणालीस म्हणून सांगतो. दक्षिण भारतात हे करून बघितलंय. ६३१ एचआयव्हीबाधितांवर चाचणी, २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. गोळ्यांची आठवण म्हणून आठवड्याला एक ध्वनिमुद्रित कॉल आणि एक चित्रसंदेश. कॉल त्यांच्याच भाषेत, उत्तर द्यायला बटण. जवळजवळ दोन वर्षं. निकाल? उपचार निकामी होण्यात काही फरक नाही.

मावशी : आणि केनिया? तिथे २०१० मध्ये ५३८ जणांची चाचणी झाली. दर आठवड्याला क्लिनिकमधून एकच शब्द जायचा, "मांबो?" म्हणजे "कसं काय?" पेशंटने उत्तर द्यायचं, 'ठीक' किंवा 'अडचण आहे'. त्या संदेशात गोळीचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. तुझी सगळी पथ्यं पाळलेली! त्या गटात विषाणू दबलेले ५७ टक्के, दुसऱ्या गटात ४८ टक्के.

भाचा : केनियात उत्तर आलं नाही तर काय व्हायचं?

मावशी : दोन दिवस वाट बघून नर्स फोन करायची.

भाचा : आणि 'अडचण आहे' असं आलं तर?

मावशी : तरीही नर्सच फोन करायची.

भाचा : झालं! दक्षिण भारतात यंत्र बोलत होतं आणि पलीकडे ऐकणारं नव्हतं. केनियात यंत्र फक्त कडी वाजवत होतं, दार उघडायला नर्स होती. दोन देश, दोन वेगळी परिस्थिती, त्यामुळे एवढ्या एकाच कारणाने फरक पडला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ह्यूस्टनचा निकालही तिकडेच बोट दाखवतो. फोनच्या पलीकडे माणूस असतो तोवर उपयोग होतो.

मावशी : आणि ब्रिटनचे यंत्राचे संदेश? ते तू सोयीने विसरलास.

भाचा : विसरलो नाही. साध्या, सोडायच्या तयारीत असलेल्या माणसाला तेवढं पुरत असेल, त्याला तेवढंच द्यावं. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे. पण जो गप्प बसतो, उत्तर देत नाही, त्याला आणखी एक संदेश पाठवून काय होणार? तुझ्या केंद्रात असे गप्प बसणारेच जास्त असतील.

मावशी : मग वाद कुठे उरला? मी म्हणते, फोन हवा कारण मी सगळीकडे पोचू शकत नाही. तू म्हणतोस, फोनच्या मागे मी हवी.

भाचा : वाद पैशाचा उरला. मला भेटणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅप हवं असतं ते माणूस नेमावा लागू नये म्हणून. निविदेत लिहितात, इतके लाख लोक, इतका कमी खर्च. नर्सचा पगार त्यात धरलेला नसतो. तू फोनची बाजू घेतेस ती पेशंटच्या प्रेमापोटी, पण ती बाजू उचलून धरणारे दुसरेही आहेत आणि त्यांना समुपदेशकाची जागा रिकामी ठेवायची असते.

मावशी : आणि तुझी ही शंका उचलून धरणारेही आहेत. त्यांना फोनही नको, माणूसही नको, काहीच करायला नको. "आधी गोळ्या, मग बघू" म्हणत एक पिढी गेली. परिपूर्ण सोय होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर माझा पेशंट तोवर मावा खातच राहणार.

भाचा : मग काय करावं म्हणतेस? अगदी उद्यापासून?

मावशी : केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला गोळ्यांबरोबर तंबाखूचं विचारायचं, आणि चार प्रकारे विचारायचं, म्हणजे मशेरीही सुटणार नाही. ज्याची तयारी आहे त्याच्याशी बसून तारीख ठरवायची. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात समुपदेशनाच्या जोडीला औषधं सांगितली आहेत आणि मोबाइलच्या साधनांनाही जागा दिली आहे. तेव्हा गरज असेल त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचं च्युइंगगम किंवा गोळी. नुसत्या निर्धारावर सोडायला सांगणं हा क्रूरपणा आहे. आणि ठरलेल्या तारखेपासून पुढे फोन. पेशंटला विचारून, त्याने सांगितलेल्या वेळी, त्याने सांगितलेल्या नंबरवर.

भाचा : माझ्या तीन अटी. फोनवर एचआयव्हीचा उल्लेख नाही. संदेश इतका साधा की कुणीही वाचला तरी बिघडत नाही. आणि जो उत्तर देत नाही त्याचं नाव दोन दिवसांत एका माणसासमोर येतं, आणि तो माणूस फोन उचलून बोलतो. यासाठी अ‍ॅपसुद्धा नको, साध्या फोनवरचा संदेश पुरेल. यंत्राने फक्त यादी करावी.

मावशी : म्हणजे तुझाच धंदा बुडवतोस.

भाचा : बुडू दे. पण चौथी अट तुझ्यासाठी. तीन महिन्यांनी फोन बंद करायचे नाहीत. ह्यूस्टनला ते बंद झाले आणि फरक विरला. वर्षभर, निदान विरळ का होईना, फोन गेलेच पाहिजेत.

मावशी : ते मी एकटी कसं करू? दिवसभर ओपीडी, मग अहवाल, मग फोन?

भाचा : तेच तर मी म्हणतोय. उद्या अशी योजना निघालीच तर अहवालात पहिला आकडा येईल तो अ‍ॅप किती जणांनी उतरवून घेतलं याचा. त्यावर टाळ्याही पडतील. मागायला हवा तो दुसरा आकडा. किती जणांनी उत्तर दिलं नाही, आणि त्यांच्यापैकी किती जणांना कुणीतरी फोन केला?

मावशी : आणि तिसराही माग. तो फोन करायला किती जागा मंजूर झाल्या, आणि त्यातल्या भरल्या किती?